नावाड्याचं पुढे काय झालं

"तुम्ही खाली बसा हो. गाडी तुमची नाही आता."

बायकोने सदऱ्याचं टोक ओढलं तसा तो बसला. वळण आलं की उठायचं, दांडा धरायचा, कुणाचं पोतं घसरतंय का, कुणाचं पोर झोपेत पडतंय का ते बघायचं. त्याच्या पायांना अजून हेच माहीत होतं. निवृत्त तो झाला होता, पाय नव्हते झाले.

नवी कंडक्टर, लेकीच्या वयाची, पुढून ओरडली, "ओ काका, उतरायचंय का?"

"नाही, नाही."

"मग बसा की. पडलात तर निस्तरायचं मलाच."

बायको खिडकीकडे तोंड करून हसत होती. खांद्यांवरून कळलं.

एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. याच लाइनवर त्याने कंडक्टर म्हणून सगळी नोकरी केली. टेकडी चढायची, भांड्यांचं गाव, मग गुरांचं गाव, शेवटी धान्याचं गाव, आणि तिथून परत. धान्याच्या गावाला बाजाराच्या दिवशी गाडी चौकात उभी राहायची. टपावर पोती चढेपर्यंत समोरच्या चबुतऱ्यावर गाणं चालायचं. एक ढोलवाला, एक बासरीवाला, आणि गाणारी एक अंडीवाली. गाणं तेच. एक मुलगी नदीच्या अलीकडे, नावाडी पलीकडे. पहिल्या कडव्यात ती हाक मारते. दुसऱ्यात तो म्हणतो, आलो, आलो, दोर सोडतो. तिसऱ्यात ती एक पाऊल पाण्यात टाकते, आणि

टण टण.

भांड्यांचं गाव

पुढचं त्याने कधी ऐकलं नाही. पोती चढलेली असायची, ड्रायव्हरचा हात हॉर्नवर असायचा, आणि घंटी त्याची त्यालाच मारावी लागायची. एकदा मुद्दाम उशीर केला तर ड्रायव्हर म्हणाला, "काय रे, सासरी आलायस का?" सुट्टी घेऊन यावं, तर बाजाराच्या दिवशी सुट्टी मागणाऱ्याला डेपोत वेड्यात काढायचे.

मग शेवट तो स्वतःच करायचा. सकाळी चहा पिता पिता लेकींना सांगायचा. कधी नाव बुडाली. कधी नावाड्याचं आधीच लग्न झालेलं निघालं. एकदा नावाडी तिचा लहानपणी हरवलेला भाऊ निघाला, तेव्हा थोरली दिवसभर बापाशी बोलली नाही.

"कुणाला तरी विचारायचं ना सरळ," बायको म्हणायची.

"गाणं काय विचारून ऐकतात?"

आज मात्र ती दोघं शेवटासाठीच निघाली होती. आणि बायको उतरून भांडी बघत होती.

इथे पातेली विकणाऱ्या दोघी बहिणी होत्या. गिऱ्हाईक आलं की पातेल्यावर बोटांनी ठोकून आवाज दाखवायच्या, आणि एकीने ठोकलं की दुसरीच्या तोंडून तान निघायची. बायको ठोकून बघत होती. एक, दुसरं, पुन्हा पहिलं.

"अगं चल! गाडी जाईल."

"जात नाही. त्या पोरीला सांगून आलेय."

"कंडक्टरला? काय सांगितलंस?"

"म्हटलं, आमच्या ह्यांना पोटाचा त्रास आहे, जरा जाऊन येतात."

तो बघतच राहिला. एवढी वर्षं प्रवाशांच्या थापा ऐकल्या, एकही इतकी सफाईदार नव्हती. गाडीत चढताना कंडक्टरने मोठ्या मायेने विचारलं, "बरं वाटतंय ना काका आता?" सगळी गाडी वळून बघायला लागली. तो काही बोलणार तोच

टण टण.

गुरांचं गाव

खिडकीबाहेर मोहरी फुललेली. उतारावर मेंढ्या, त्यांच्यामागे सायकल हातात धरून चालणारा एकजण. बायकोने ही लाइन कधी पाहिलीच नव्हती. सगळं त्याच्या तोंडून ऐकलेलं. "ती चिमणी कुठली?" "ती विटांची भट्टी." "तुम्ही तर साखरेचा कारखाना म्हणाला होतात." "असेन म्हणालो." "आणि हा ओढा? तुम्ही नदी सांगायचात!" "पावसाळ्यात बघ की मग."

गुरांच्या बाजारात एक म्हातारा तोंडाचा बाजा वाजवत गायींमधून फिरत होता. वाजवलं की गाय शांत उभी राहते आणि भाव चढतो, असं त्याचं म्हणणं. गायी शांत होत्या. गिऱ्हाइकंही शांत होती. भाव कुणीच बोलत नव्हतं.

बायको एका वासराचे कान कुरवाळत बसली. त्याचा जीव घड्याळात.

"एकच गोष्ट मागतोय गं तुझ्याकडे. आज ते गाणं मला पुरं ऐकायचंय."

"आणि शेवट वाईट निघाला तर?"

हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मुलगी बुडाली असेल तर? इतकी वर्षं आपण घरात एका बुडालेल्या मुलीचं गाणं म्हणत होतो, असं होईल."

"आपण? मी म्हणायचो. तू कुठे म्हणायचीस?"

तिने वासराला ढकललं, हात झटकले. "चला, तुमची गाडी"

टण टण.

धान्याचं गाव

चबुतरा होता. ढोल होता. बासरीवाल्याच्या जागी त्याचा पुतण्या होता, पण नाक तेच. अंडीवाली जाड झाली होती आणि पुढे अंड्यांची टोपली घेऊन बसली होती. एका हाताने मोजून देत, दुसऱ्याने ताल धरत, ती गात होती.

*अलीकडे मी रे, पलीकडे तू,*
*येतो येतो म्हणून किती बोलशील तू?*

समोरच्या बाकावर दोघं बसली. पाठीमागे त्यांचीच गाडी उभी, टपावर पोती चढताहेत. त्याने तिकडे पाहिलंच नाही. दुसरं कडवं झालं. तिसरं आलं. मुलीने एक पाऊल पाण्यात टाकलं. त्याने बायकोचं मनगट घट्ट पकडलं.

टण टण, गाडीची घंटी झाली.

आणि गाणं थांबलं.

ढोलवाल्याने ढोल बाजूला ठेवला. अंडीवाली म्हणाली, "बोला, कुणाला किती?"

तो उभाच राहिला. "अहो, थांबलात का?"

"संपलं."

"असं कसं संपलं? पाण्यात पाय टाकला तिने. पुढे?"

"पुढे काही नाही."

"असणारच!"

"असेल की. आमच्या आईला येत होतं पुढचं. पण गाडी सुटली की अर्धा चौक रिकामा. मग कुणासाठी गायचं? आम्ही घंटीलाच थांबायला लागलो. वापरलं नाही की जातं बघा माणसाच्या डोक्यातून." मग तिने डोळे बारीक केले. "तुम्ही... तुम्ही ते पायरीवर लोंबकळणारे मास्तर ना?"

"हो."

"अगं बाई! मग ती घंटी तुमचीच की!"

ढोलवाला एवढा हसला की त्याला ठसका लागला. "मास्तर, काय बरोबर जागेवर मारायचात हो! आम्हाला वाटायचं, तुम्हाला गाणं कळतं."

तोही हसला. हसणं भाग होतं. पण खाली बसला तेव्हा जरा जोरातच बसला, आणि हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. नव्या पातेल्याची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि उठली.

"मला येतं पुढचं," ती म्हणाली.

"तुला?"

"तुम्ही रात्री मुक्कामाच्या गाडीवर असायचात. पोरी रडायच्या, शेवट सांग, शेवट सांग. तुमचे सगळे शेवट झोप उडवणारे. मग मी माझा केला."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कुठे विचारलंत? गाणं काय विचारून ऐकतात?"

आणि ती चबुतऱ्यावर चढली. अंडीवालीने टोपली सरकवून तिला जागा दिली. बायकोने डोळे मिटले. आवाज आधी घोगरा आला, मग सुटला.

*दुसरं पाऊल टाकलं गं बाई,*
*पाणी गुडघ्याच्या वरती नाही!*

चौकात कुणीतरी फिस्सकन हसलं. ढोलवाल्याने घाईघाईने ढोल ओढला.

*नावाडी बसला गाठी सोडवीत,*
*मी पलीकडे पाय पुशीत!*

आता सगळेच हसत होते. बाया टाळ्या देत होत्या. अंडीवालीने एक अंडं चुकून फोडलं आणि तिला पर्वा नव्हती. "पुन्हा, पुन्हा! गुडघ्यापासून!" ती ओरडली, आणि दुसऱ्या खेपेला तिने सूर धरला, तिसऱ्या खेपेला अख्खा चौक 'वरती नाही' म्हणू लागला.

तो सगळ्यांबरोबर हसला. मग हसू उतरलं तसा तो ते शब्द एकेक करून मनात बघायला लागला. इतक्या साऱ्या रात्री. गुडघाभर पाणी. तो दुसऱ्या गावात, गाडीच्या बाकावर आडवा झालेला, आणि घरी हे गाणं रोज पुरं होत होतं.

चबुतऱ्यावर बायको हातवारे करून अंडीवालीला काहीतरी समजावत होती. आणखी एक कडवं होतं म्हणे.

खांद्यावर पोतं घेतलेला एक धान्यवाला गर्दीतून वाट काढत आला. घामाने भिजलेला. त्याने बाकाकडे बोट केलं.

"रिकामी आहे का हो जागा?"

"नाही," तो म्हणाला, आणि शेजारच्या फळीवर हात पसरून ठेवला.