हाकेचे बैल

फुलसिंगनं पुढच्या बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि बेंबीच्या देठापासून हाळी दिली. बारा जोड्यांपैकी सहा जोड्यांनी ओढ घेतली, सहा नुसत्या उभ्या राहिल्या. साखळदंड तिरका ताणला गेला. कारंज्याच्या स्टेशनावरून मानोऱ्याच्या सरकी काढायच्या नव्या जिनात निघालेला बॉयलर गाड्यासकट इंझोरीच्या नाल्यात अडकला.

"आज वर नाही गेला, तर पुढच्या सालापासून सगळा अवजड माल मोटरीवर," जिनवाल्या शेटजींचा मुकादम म्हणाला. "मंग बैलं न्या बाजारात."

सन पंचावन्नपर्यंत या मुलखात अवजड ओढीचे तांडे दोनच, एक त्याचा आणि एक किसनसिंगचा. दोघांनी एकमेकांचा भाव पाडून पाडून जीव नकोसा केला होता. मग फुलसिंगनं डोकं चालवलं. किसनसिंग अडला, की दलालाला पुढं करून त्याची एकेक जोडी पोहरादेवीच्या जत्रेत घ्यायची. असं करत मैदान साफ झालं आणि सगळ्या ओढीचा हा एकटा धनी झाला. हलक्या गाड्यांना किसनसिंगच्या त्या सहा जोड्या कासऱ्यानं निमूट चालत, मग शंका यावी तरी कुणाला? पण असलं ओझं सगळ्यांनी एकदम ओढावं लागतं, आणि तिथं कासरा नाही, ओळखीची हाक लागते.

गाडा मागं सरकू लागला. मागची माणसं जीव घेऊन बाजूला पळाली.

काठावरच्या बाभळीखाली किसनसिंग बसला होता. हल्ली तो असाच दुरून बैल बघायला यायचा आणि फुलसिंगला त्याचं हसू यायचं. तो उठला आणि त्यानं एक लांबलचक हाळी दिली. उभ्या राहिलेल्या सहाही जोड्या एकदम भिडल्या, त्यांच्याबरोबर बाकीचेही खेचले गेले, आणि गाडा चढ चढून वर आला.

"हा कोन व्हय?" मुकादमानं विचारलं. "पुढच्या घाटात यानंच हाक द्यावी."

फुलसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किसनसिंग तोवर वाटेला लागला होता. त्याच्यामागं धावत जावं लागलं.

"रोजानं येशीन का? म्हनशीन ते देतो."

"रोज कायले पायजे?" किसनसिंग थांबला. "सांजच्याले पान्यावर मी नेत जाईन त्याईले."

"कोनाले?"

"माह्या बैलाईले."

फुलसिंगनं तोंड उघडलं. भर जत्रेत चार माणसांदेखत खरीदलेले बैल होते ते. तेवढंच बोलायचं होतं. मागं मुकादम खोळंबला होता.

"नेत जाय," फुलसिंग म्हणाला.