हळदीच्या गाण्यावर मी तीनदा हसलो

मी तो पिवळा, गोल चेहरा बोलतोय, डोळ्यांतून पाणी काढत हसणारा. तुमच्या फोनात राहतो. शिक्षण विचारू नका. एकच धडा येतो, हसायचा. तेवढ्यावर अख्ख्या मीरा-भाईंदरची टर उडवलीये!

एक कोडं मात्र सुटत नाही. मला दाबणारी माणसं स्वतः हसतच नाहीत. हाटकेश भागातल्या एका कारखान्यात एक जण मशीनपाशी बसलेला असतो. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं, आणि अंगठा माझ्यावर! मला भारी मजा यायची.

राई गावची हंसामावशी धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात हळदीला, मांडवाला गाणी म्हणणारी. लिहिता-वाचता येत नाही, पण गाणी ढीगभर तोंडपाठ. तिच्या भाचीनं, रसिकानं, एक गाणं फेसबुकवर टाकलं. खाली मी धडाधड उमटलो.

"ही पिवली तोंडा कसली गो?" मावशीनं विचारलं.

"लोक हसतायत, मावशी," रसिका खाली बघत म्हणाली.

मावशी खूश! गाणं आवडलं म्हणून हसतायत, असं समजून शेजारपाजारी मला दाखवत फिरली. माझी काय ऐट!

शेवटी शेजारच्या सुनेनं खालची अक्षरं वाचून दाखवली. 'दारात मांजराची शेपटी अडकली का? म्हातारीला गप्प करा रे.' पुढे मी, तीनदा. लिहिणारा दिपेश, गावातलाच. रविवारी त्याची हळद, आणि गायची सुपारी मावशीलाच दिलेली.

मावशीनं सुपारी परत धाडली. "मांजराला कशाला बोलावताव? डीजे लावा."

दिपेशची आई रडकुंडीला आली. धवल्याच्या गाण्यांशिवाय हळद लागणार कशी? तिनं सुपारी हातात देऊन नवरदेवालाच पिटाळलं.

"मावशी, मस्करी केली ग. सगळेच लिहीत होते…"

"फोनात हाय ना? काढ. माज्यासमोर वाच."

त्यानं फोन उघडला. मी दात काढून हजर. 'दारात' म्हणाला आणि अडकला.

"नाही वाचवत, मावशी."

"मंग लिवलास कसा?"

तो पुसायला लागला. "नको पुसू," मावशी म्हणाली. "गावानी वाचलाय. आता पुसून काय व्हनार?"  मग सुपारी उचलून पदराला बांधली. "तुज्या आयेसाठी येन. पन समद्यांचे फोन मांडवाभायेर."

हळदीला दाराशी टोपलीत फोनांचा ढीग पडला. प्रत्येकात मी. आत मावशीनं सुरुवात केली. आवाज कापत होता. पूर्वी कधी कापायचा नाही म्हणे. मध्येच थांबली, पाणी प्याली, पुन्हा गायली. हळद लागली, पण आवाजातला तो कंप शेवटपर्यंत गेला नाही.

तेव्हा बाबांनो, बायांनो, मला दाबायच्या आधी लिहिलेलं मोठ्यानं वाचा, तो माणूस समोर बसलाय असं समजून. जीभ अडकली तर अंगठाही आवरा. त्या कापऱ्या आवाजावरसुद्धा मी टोपलीत हसतच होतो. तोंड मिटायची सोयच नाही मला. तुम्हाला आहे.