वारा बांधणारे बाबा

धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. ऐन वादळांच्या दिवसांत समुद्र निपचित पडला होता, आणि सगळं श्रेय बाबांच्या दोरीला. बाबांनी दोरीला गाठ मारली की म्हणे वारा बांधला जातो.

"दोन दिवस वाऱ्याची हिंमत नाही," बाबा गरजले. "वादळाला सांगितलंय, उत्तरेने जा. गेलं बिचारं."

हवामान कार्यालयातल्या ताईने कपाळाला हात लावला. अंदाज तिचा, आणि हे आयत्या बिळावर नागोबा! एरवी ती फिरकलीही नसती, पण तिचा धाकटा भाऊ होडीत चार दिवसांचा बर्फ भरत होता.

रोज सकाळी कार्यालयात फोन करून वारा विचारणारा एक नंबर होता. ताईने तो लावला. बाबांच्या चेल्याचा खिसा वाजू लागला.

"हा मला विचारतो, मग हे गाठ मारतात," ताई म्हणाली. "दूर उष्ण पट्ट्यातला समुद्र यंदा तापलाय. तिथली वर चढणारी हवा उंचावरच्या वाऱ्यांची वाट उत्तरेला ढकलते, म्हणून वादळं आपल्याला टाळून जातात. पण आता ध्रुवाकडची थंडी खाली रेटतेय. दोन दिवसांनी ती वाट कधीही आपल्यावर सरकेल. हे सांगायच्या आतच यानं काल फोन ठेवला."

चेला खाली बघू लागला. बाबा मात्र पक्के मुरलेले. "आम्ही यांच्या यंत्रांची परीक्षा घेत होतो." लोक हसले, तेही ताईलाच.

"वादळ नक्की येणार?" भावाने विचारलं.

"नक्की नाही सांगता येत. पण जाऊ नकोस रे."

"बघ ताई, तुला माहीत नाही, त्यांना आहे. सगळे निघालेत, मी एकटाच काठावर बसू?"

'नक्की येणार' असं ठोकून दिलं असतं तर तो थांबला असता. तिची जीभ रेटेना. होडी गेली.

तिसऱ्या दिवशी वाट खाली सरकली आणि वादळ येऊन धडकलं. बाबांनी तोवर गाव सोडलं होतं. ताई वायरलेसपाशी बसून होती.

"तू खरं तेच सांगितलंस," सहकारी म्हणाला.

"काय उपयोग झाला त्याचा?"

मंडळी, वारा कुणाच्या बापाला बांधता येत नाही. तापलेला समुद्र आणि ध्रुवाची थंडी त्याला दोन्हीकडून रेटतात, आणि ती रेटारेटी शिकलेल्यांनाही पुरती कळत नाही. म्हणून जो 'माहीत नाही' म्हणतो, त्याचं आधी ऐका. ताई अजून वायरलेसवर भावाला हाका मारतेय.