दुरुस्त केलेली गोष्ट

घरात तिला सगळे शहाणी म्हणत. हे नाव मावशीनं ठेवलेलं. चौथीत असताना तिनं शाळेच्या पुस्तकातल्या दोन चुका लाल पेन्सिलीनं खुणा करून बाईंना दाखवल्या होत्या, तेव्हापासून ते तिला जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिनं कामही त्याच जातीचं धरलं. एका प्रकाशनसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर जगभरच्या दंतकथांचा कोश तयार होत होता आणि शहाणी त्याची संपादक होती. खोलीच्या तीन भिंतींना कार्डांचे खण, चौथ्या भिंतीला एकच खिडकी. कुठल्याही देशातली कुठलीही कथा सांगा, प्रलयाची, चोरून आणलेल्या आगीची, पक्षी झालेल्या मुलीची. शहाणी दोन मिनिटांत खण उघडून तिची चार चुलत भावंडं समोर मांडायची.

या नादाचं मूळ मात्र मावशीत होतं. मावशी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. शहाणीची आई त्याच इस्पितळात आया, तिची पाळी संध्याकाळी सुटायची, म्हणून शाळा सुटली की शहाणी थेट धुलाईघरात यायची. आत वाफ, साबणाचा उग्र वास आणि कढत चादरींचे ढीग. मावशी आणि तिची जोडीदारीण चादरीची दोन-दोन टोकं धरून झटकायच्या, तेवढ्यात शहाणी आणि मावसभाऊ खालून पळून जायचे. थोडी उंची वाढल्यावर जोडीदारणीच्या जागी शहाणी टोक धरायला लागली. घड्या घालता घालता मावशी गोष्टी सांगायची. लिहायला वाचायला शून्य, पण तिच्या आईकडून आलेल्या गोष्टींचं अख्खं गाठोडं तिच्यापाशी होतं.

त्यातली एक बुटक्या आकाशाची. पूर्वी म्हणे आकाश इतकं खाली होतं की माणसं वाकून चालायची. बायका गळ्यातली माळ काढून आकाशाला अडकवायच्या आणि मग कांडायला बसायच्या. एका बाईचं मुसळ असंच उचलताना आकाशाला लागलं, आणि पुढची सगळी भानगड तिथून सुरू झाली.

कोशाचा पहिला खंड निघाला त्या वर्षीची गोष्ट. मावसभावानं नवं घर घेतलं होतं, सगळे तिथं जेवायला जमले होते. मावसभाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. ‘लोकांना वर पोहोचवायचं काम माझं,’ असा त्याचा ठरलेला विनोद होता आणि त्यावर तो स्वतःच सगळ्यात आधी हसायचा. जेवणं झाल्यावर त्याची आणि शेजारची मुलं मावशीला चिकटली, आणि मावशीनं बुटकं आकाश काढलं. गोष्ट अगदी शेवटाला आली होती, तेवढ्यात शहाणी म्हणाली, “मावशी, थांब. शेवट असा नाहीये.”

“म्हणजे?”

“आकाश रागावून वर जातं गं. बेटांवरच्या लोकांत, जंगलातल्या लोकांत, सगळीकडे हेच आहे. एके ठिकाणी तर लोक आकाशाचे लचके तोडून खायचे, उष्टं टाकायचे, म्हणून ते चिडलं. तुझ्यात मधेच काहीतरी दुसरं घुसलंय.”

मग तिनं पिशवीतून खंड काढला, पान उघडलं आणि मुलांना पाच देशांतली पाच आकाशं वाचून दाखवली. चांगलीच वाचली. मुलं सरकत सरकत तिच्या बाजूला आली. मावशी म्हणाली, “असं होय? बरं झालं सांगितलंस.” आणि ती उठून भांडी विसळायला गेली. शहाणीला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. जाताना तिनं तो खंड कौतुकानं मावशीच्याच हातात दिला. ज्या बाईला अक्षर वाचता येत नव्हतं, तिच्या.

नऊ वर्षं गेली. आई वारली, मावशी कामावरून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आली. शहाणी महिन्या-दोन महिन्यांनी एखादी चक्कर मारायची. कधी मावशी म्हणायची, “माझ्याकडच्या पण लिहून घे की चार.” शहाणी म्हणायची, “घेऊ गं, हा खंड हातावेगळा होऊ दे.” एक खंड हातावेगळा झाला की दुसरा हातात असायचाच.

मग एका दुपारी कोशाचे म्हातारे प्रमुख संपादक तिच्या टेबलापाशी येऊन बसले. त्यांनी आकाशाच्या सगळ्या कथा पुन्हा वाचून काढल्या होत्या.

“एक गोष्ट मला खटकते,” ते म्हणाले. “प्रत्येक कथेत माणूस आकाशाला दुखावतो आणि ते नातं तोडून निघून जातं. सगळीकडे भांडणच. दोघांनी समजुतीनं वेगळं व्हावं अशी एकही कथा नाही? तुमच्या पाहण्यात?”

“नाही,” असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मावशीचं आकाश रागावलेलं नव्हतं. मुसळ लागल्यावर आकाश म्हणतं, “लागलं ना मला.” बाई म्हणते, “मला काय हौस आहे? वाकून वाकून माझी पाठ मोडली.” मग आकाश तिला काहीतरी विचारतं, ती काहीतरी उत्तर देते, आणि त्या उत्तरावर ते आपण होऊन वर जातं. काय विचारतं? ती काय म्हणते?

शहाणीला आठवेना. घडीची शेवटची दुमड आणि गोष्टीचा शेवट नेहमी एकाच वेळी यायचा, आणि तिचं सगळं लक्ष कोपऱ्याला कोपरा जुळवण्यात असायचं. कोपरा वाकडा गेला की मावशी घडी मोडायला लावायची. आणि नव्या घरातल्या त्या दिवशी, मुलांसमोर, मावशी शेवट सांगायला तोंड उघडत होती तेव्हा तिचं तोंड कुणी बंद केलं, हे तर तिला चांगलंच आठवत होतं.

पुढच्या रविवारी सकाळीच ती रेकॉर्डर घेऊन मावसभावाकडे गेली. मावशी खिडकीशी खुर्चीत बसली होती. खूप वाळली होती, पण डोळे तेच, मिस्कील.

“आज शहाणीला वेळ मिळाला,” मावशी सुनेला म्हणाली. “ये गं, बस. काय खाशील?”

“काही नको. मला तुझी आकाशाची गोष्ट हवीये. छापायला.”

मावशीचा चेहरा असा उजळला की शहाणीला बघवेना. तिनं पदर सारखा केला, घसा खाकरला आणि सुरुवात केली. “फार प्राचीन काळी आकाश पृथ्वीच्या अगदी निकट होतं...”

शहाणीनं चमकून वर पाहिलं. निकट? मावशीच्या तोंडी निकट? मावशी एकेक वाक्य जपून ठेवत पुढे गेली. बाईनं मुसळ उगारलं, आकाशाला इजा झाली, ते संतप्त झालं आणि माणसांचा कायमचा त्याग करून निघून गेलं. शब्दन् शब्द शहाणीनं स्वतः लिहिलेला होता. पहिल्या खंडातला. एक स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता.

“बरोबर आलं का?” मावशीनं विचारलं.

“मावशी, ही कुठून घेतलीस?”

“तुझ्या पुस्तकातनं. नातीकडून वाचून घेतलं रोज थोडं थोडं. दोन महिने लागले पाठ व्हायला. म्हटलं, भाची एवढी विद्वान, आणि तिची मावशी चार लोकांत चुकीचं सांगत फिरते, बरं दिसतं का?”

शहाणीनं रेकॉर्डर बंद केला. “मला जुनी हवीये. धुलाईघरात सांगायचीस ती. आकाश त्या बाईला काय विचारायचं?”

“ते चुकीचं होतं ना?”

“नव्हतं गं. माझंच चुकलं. ती तुझी वेगळी होती. तशी कुठंच नाही, सगळ्या जगात नाही.”

मावशी तिच्याकडे बघत राहिली. थट्टा करतेय की काय, असं. मग तिनं डोळे मिटले. ओठ हलले, हात आपोआप वर गेले, काहीतरी ताणून धरल्यासारखे. “आकाश म्हणालं... लागलं ना मला. बाई म्हणाली, पाठ मोडली माझी. मग आकाश म्हणालं...” हात तसेच हवेत राहिले. पुन्हा पहिल्यापासून आली, पुन्हा तिथंच अडली. तिसऱ्या वेळी तिच्या तोंडून ‘संतप्त झालं’ निघालं आणि तिची तीच दचकली.

“नाही गं येत,” ती म्हणाली. “तू चूक म्हणालीस, मग मी ती सांगायचीच सोडली. चूक कोण कशाला ध्यानात ठेवील?”

तिच्या बोलण्यात राग औषधालाही नव्हता. तो असता तर शहाणीला सोपं गेलं असतं. तिनं मावशीचे दोन्ही हात धरून खाली घेतले आणि म्हणाली, “मावशी, मी त्या दिवशी तुला सगळ्यांसमोर गप्प केलं. मला माफ कर.”

“वेडी का काय? मला केवढा अभिमान वाटला होता,” मावशी म्हणाली. मग हळूच म्हणाली, “वाईट वाटलं होतं थोडं. पण ते माझ्या आईसाठी. तिचं खोटं ठरलं म्हणून.”



शहाणीनं मग जिथं जिथं आशा होती तिथं विचारलं. मावसभाऊ डोकं खाजवून म्हणाला, “ती बाई हसते शेवटी, एवढं आठवतं. कशाला हसते, देव जाणे. मी चादरीखालनं पळायच्या नादात असायचो.” जोडीदारणीचा पत्ता शोधत गेली, तर ती दोन वर्षांपूर्वीच वारली होती. तिची लेक म्हणाली, “आई सांगायची खरी. आम्ही टीव्ही बघायचो.” नव्या घरात त्या दिवशी जमलेली मुलं आता मोठी झाली होती. त्यांना आकाश आठवत होतं, पण शहाणीनं वाचून दाखवलेलं.

प्रमुख संपादकांना तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अर्धीच छापा.” तिनं अर्धी छापली. बाई म्हणते पाठ मोडली, आकाश काहीतरी विचारतं, बाई काहीतरी सांगून हसते, आकाश वर जातं. खाली टीप लिहिली: प्रश्न आणि उत्तर आता कुणाला ठाऊक नाही. सांगणारीला पूर्वी ठाऊक होतं. या कोशाच्या संपादकानं तिला चुकीचं ठरवल्यामुळे ते गेलं. प्रमुखांनी ‘संपादकानं’ या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, “हे ठेवायचंय?” ती म्हणाली, “ठेवायचंय.”

आता ती दर रविवारी मावशीकडे जाते. मावशी बाकीच्या गोष्टी सांगते आणि शहाणी मध्ये एक शब्द बोलत नाही. पण दर दोन-चार वाक्यांनी मावशी थांबते, तिच्या तोंडाकडे बघते आणि विचारते, “हे बरोबर आहे ना गं?” शहाणी दर वेळी हो म्हणते. तरी मावशी पुन्हा विचारतेच.