गंधाय छे

सुतकाच्या घरात अत्तराचं काय काम, हे सोनालीला कोणी शिकवायला नको होतं. आई गेल्यापासून सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या दोन खोल्यांत कोणी डोक्याला तेल लावलं नव्हतं, देवापुढे उदबत्ती जळली नव्हती. धुळ्याहून आलेली शोभामावशी तर साबणावरही नजर ठेवून होती. "वासाचा नको, कपड्याचाच घ्या," असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. आणि सोनाली आता मोरीच्या दाराला कडी लावून आत उभी होती. तिच्या मुठीत बोटाच्या पेराएवढी एक काचेची कुपी होती.

कपडे आणायला सकाळी ती अडाजणला स्वतःच्या फ्लॅटवर गेली, तेव्हा वॉचमनने पार्सल हातात ठेवलं होतं. आईचं दुखणं निघायच्या आधी मागवलेलं. हा तिचा जुना नाद. दुकानातली अत्तरं तिला नको असत, मोठ्या कंपन्यांच्या बाटल्याही नको असत. कुठे पाँडिचेरीला, कुठे कोचीला कोणी एकटीदुकटी बाई घरातल्या ओट्यावर तेलं घोटते, मोजक्या कुप्या भरते आणि त्यांना 'ओली कौलं', 'जुना दिवाणखाना' अशी नावं देते, अशा बायांकडून सोनाली नमुने मागवी. एका मनगटावर एकच थेंब. चोळायचं नाही. थांबायचं. बाटलीतला वास हा नुसता वायदा असतो, खरं काय ते अंगावर कळतं, असं ती फोनवरच्या मैत्रिणींच्या गटात लिहीत असे, आणि ते खरंही होतं. गुलाब तिच्या अंगावर आंबायचा. वाळा घटकाभरात नाहीसा व्हायचा. तिचं कातडं वास खातं, असं त्या गटात सगळ्यांना ठाऊक होतं.

या कुपीवर 'लूम' असं लिहिलेलं होतं. धुतलेलं सुती कापड, खळ, यंत्राचं तेल, असं वर्णन वाचून तिने ती मागवली होती. काहीतरी वेगळं म्हणून. जिच्या बापाचा जन्म उधन्याच्या मागांवर गेला तिला यात वेगळं काय वाटलं, हे आता विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

तिने एक थेंब डाव्या मनगटावर लावला. का लावला? इतक्या दिवसांत तिचं स्वतःचं असं काही घडलंच नव्हतं. सगळं मावशीच्या सांगण्याने आणि आल्या-गेल्याच्या सोयीने चाललं होतं. पण वास असा भसकन नाकात शिरला, पेट्रोलसारखा, की ती घाबरली. तिने कपड्याच्या साबणाने मनगट खसाखसा घासलं, कुपी ब्लाउजमध्ये खोचली आणि बाहेर आली. तेल असं घासून जात नाही, हे दुसरी कोणी असती तर सोनालीनेच तिला समजावलं असतं.

संध्याकाळी तिने आबांपुढे ताट ठेवलं. आबा म्हणजे तिचे वडील, भटू. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान कधीच गेले होते, समोर येऊन मोठ्याने बोललं तरच कळे. आई गेल्यापासून ते ताटावर बसत, भाताचे चार ढिगारे करत आणि उठत. शेजारच्या मंगलाबाईंनी पाठवलेली खिचडी सोनालीने वाढली, पाणी ठेवलं. खोलीत उकाडा होता. आबांनी घास उचलला आणि हात मधेच थांबवला. मग हळूच मान वर केली.

"मंदा उनी," ते म्हणाले.

मंदा, म्हणजे आई, आली. एवढंच, दारात चप्पल वाजल्यावर म्हणावं तसं.

मावशी पोळ्या झाकता झाकता वळली. तिने हवा हुंगली, एकदा, दोनदा, आणि मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "हो दाजी. तिचाच वास हो. मिलचा."

तेव्हा कुठे सोनालीला कळलं. तिच्या अंगाच्या उबेने ते तेल पार बदललं होतं. तिखटपणा उडाला होता आणि खाली ओलं कापड, शिळी खळ, रॉकेलसारखा एक मऊ दर्प आणि किंचित घाम एवढंच उरलं होतं. आई पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापडावरचे तेलाचे डाग काढायची. ज्या औषधाने डाग निघतात ते तिच्या नखांत, केसांत, अंथरुणात मुरलेलं होतं. सोनालीचं लहानपण त्याच वासात गेलं. शाळेत गेल्यावर तिने 'माय'ची 'आई' केली. वासाचं मात्र काही करता आलं नाही.

बोलायला हवं होतं ते त्याच क्षणी. पण आबांनी घास तोंडात घातला. मग दुसरा. त्यांनी ताट पुसून खाल्लं आणि म्हणाले, "अजून शे का?"

सोनालीने डाव्या हातावर पदर ओढला आणि उजव्या हाताने वाढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून दाराकडे तोंड करून बसले. "आज नही उनी?" त्यांनी मावशीला विचारलं. मावशीने डोळ्याला पदर लावला. सोनाली उठली, मोरीत गेली, कडी लावली. चोर जसा दुसऱ्यांदा कमी घाबरतो तशी ती कमी घाबरली, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

त्या दिवशी आबा वासाशी बोलले. गॅसची टाकी बदलली, पंख्याचा आवाज येतो म्हणतात, मला काही येत नाही, असलं काहीबाही. मावशीने गल्लीत सांगितलं. मग मंगलाबाई आणखी दोघींना घेऊन आल्या आणि भिंतीला टेकून, डोळे मिटून हुंगत बसल्या.

"माले तर मशीनना तेलना वास ई ऱ्हायना," त्यांतली एक कुजबुजली.

"मग?" मंगलाबाई म्हणाल्या. "मंदा काय गुलाबनी बाग व्हती का? मिलमधली बाई मिलचाच वास घेऊन येणार. तू मेल्यावर काय केवडा येणार आहे?"

बाया तोंडावर पदर धरून हसल्या, मग रडल्या. सोनाली चहा देत होती. प्रत्येकीपुढे वाकताना ती डावा हात पाठीमागे नेत होती. मंगलाबाई तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "भाग्याची आहेस गं. आई तुझ्यासाठी थांबली."

तिला आईचे हात आठवले. आठवले म्हणण्यात अर्थ नाही, ते समोरून हलतच नव्हते.

अडाजणचा फ्लॅट नवा होता तेव्हाची गोष्ट. सोनाली ज्या कॉलेजात ग्रंथपाल होती तिथली हेतल आणि आणखी दोघीजणी घर बघायला आल्या होत्या. तेवढ्यात आई मिलमधली पाळी संपवून परस्पर आली, हातात भरिताचा डबा. ती टेकते न टेकते तोच हेतलने नाक वर केलं. "सोनाली, कंईक गंधाय छे. गॅस तो चालू नथी ने?"

गुजरातीत गंधाय म्हणजे घाण वास मारतो. सोनालीच्या कानशिलांत रक्त चढलं. पण आई हसली. तोंडभर हसली आणि आपल्या मराठीत म्हणाली, "गंध येणारच ताई. वांगी आपल्याकडची, कोळशावर भाजलेली. उघडू का डबा?" हेतल गोंधळली, मग तिने भरीत खाल्लं, वाखाणलंही. वेळ निभावली. बिचारीला कळलंच नाही, असं वाटून सोनालीला हायसं झालं.

पुढे तो किस्सा तिने स्टाफरूममध्ये सांगितला. चांगला रंगवून, आईच्या आवाजात, एकदा नाही, अनेकदा. माझी आई ना, गंधाय म्हणजे सुगंध समजली! हेतल तर डोळे पुसेपर्यंत हसायची.

आणि आईला तिने गुलाब-चंदनाच्या तेलाची एक कुपी दिली. "माझ्याकडे येताना लावत जा." आईने का म्हणून विचारलं नाही. सोनालीच्या अंगावर न टिकणारा गुलाब आईच्या अंगावर दिवसभर टिकायचा, पण मिलच्या वासावर मात करायचा नाही. दोन्ही वास शेजारी शेजारी बसायचे. तेव्हापासून आई आली की चप्पल काढायच्या आधी दोन्ही मनगटं पुढे करायची. जेवायच्या आधी हात धुतलेत हे मुलं दाखवतात तशी. "बघ, लावलंय." आणि सोनाली खरंच वाकून बघायची.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मावशीने तापीवर जायची तयारी काढली. तीळ, दर्भ, पिठाची पुडी. आबा कॉटवरून हलले नाहीत.

"दाजी, उद्या पहाटे निघायचंय. भटजी ताटकळतील."

"माले नही यावानं."

"म्हणजे?"

"ती घरमा शे. पिंड कोनले देवानं?"

मावशीने हात जोडले. रागावली. दहावा झाला नाही तर जीव मोकळा होत नाही, बहीण माझीही आहे, असं रडून म्हणाली. आबा म्हणाले, तिला मोकळं करायची एवढी घाई कोणाला झाली आहे? ती रोज येते. ज्याला जायचं त्याने जावं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बहिऱ्या माणसाने तोंड फिरवलं की बोलणंच संपतं. मावशी सोनालीला म्हणाली, "तू शिकलेली. तू सांग त्यांना."

मावशी मंगलाबाईंकडे गेल्यावर सोनाली कॉटवर जाऊन बसली. आबांच्या खांद्याला हात लावून तिने त्यांना वळवलं, ब्लाउजमधून कुपी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"आबा, आई येत नव्हती. हे होतं. मी लावत होते." त्यांना ऐकू जावं म्हणून तिला ते मोठ्याने बोलावं लागलं. भिंतीपलीकडे जाईल इतक्या मोठ्याने.

आबांनी कुपी उजेडात धरली. बूच काढून हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "हाई तर फिनेल शे."

"अंगावर बदलतं ते."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तिचा हात ओढला आणि जाड बोटांनी कुपी उपडी केली. थेंब कसला, होतं नव्हतं ते सगळं तिच्या मनगटावर सांडलं, तळव्यातून खाली ओघळलं. मग ते हात धरून बसून राहिले. थांबायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी वाकून वास घेतला.

"हा. आता उना." ते म्हणाले. "बाटलीमा नही. तुना हातवर शे."

त्यांनी हात सोडला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी फसवलं तुम्हाला, आबा."

"तुझ्या मायनं नव्हतं फसवलं तुला?" ते म्हणाले. बोलताना त्यांचं लक्ष रिकाम्या कुपीकडेच होतं. "ती तुझी मैत्रीण गंधाय म्हणे. जनम सुरतमध्ये गेला, गुजराती बायांच्या खांद्याला खांदा लावून डाग काढले. तिला काय गंधाय माहीत नव्हतं? घरी आली तर हसत होती. म्हणे, सोनूचं तोंड एवढंसं झालं. म्हणून मी तेवढ्यापुरती मराठी झाले."

सोनालीने ओलं मनगट दुसऱ्या मुठीत धरलं.

"मग मोरीवर बसली हात घाशीत," आबा म्हणाले. "लई घासले." त्यांनी कुपीला बूच लावलं, रिकामीच होती तरी नीट दाबून लावलं. मग उठून दोरीवरचा पंचा काढला आणि पिठाच्या पुडीशेजारी ठेवला. "पहाटे उठव माले."

स्टाफरूममधलं तिने आबांना सांगितलं नाही. कोण कोण हसलं, आईचा आवाज काढताना ती स्वतः मान कशी वेळावायची, हे सांगायला तिच्याकडे तोंड नव्हतं. आईला ते कधी कळलं होतं का, हेही आता विचारता येणार नव्हतं.

पहाटे अंघोळ झाली, तरी वास गेला नाही. सगळी कुपीच मुरली होती. तिचं कातडं वास खातं म्हणत, पण या वेळी त्याने काहीच खाल्लं नाही. रिक्षात मधे आबा, एका कडेला मावशी मांडीवर पिशवी धरून, दुसऱ्या कडेला सोनाली. लिंबायत मागे पडलं. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं, नाक चोळलं आणि एक हात सोडून सीटखाली चाचपलं.

"बेन, कंईक गंधाय छे. पेट्रोल लीक तो नथी थतुं ने?"

मावशीने सोनालीकडे पाहिलं. आबांना ऐकू आलं नव्हतं, ते बाहेर बघत होते. त्या शब्दाला मराठी करून घेणारं आता गाडीत कोणी नव्हतं.

"पेट्रोल नथी, भाई," सोनाली म्हणाली. "मारा हाथमांथी आवे छे."

रिक्षावाल्याने पुन्हा आरशात पाहिलं. त्याने मान हलवली. सोनालीचा डावा हात मांडीवर उघडा होता. पदर ओढावासा वाटला, फार वाटला. पुलाच्या चढावर गाडी हळू झाली तेव्हाही हात तिथेच होता, आणि खाली तापी दिसू लागली होती.