करंगळीची खोबण

मित्रांनो, मी एक जुनं नेमबाजीचं पिस्तूल आहे. दचकू नका. माझ्यातून सुटतो तो हवेच्या जोरावर एक बारीक छर्रा, आणि तोही समोरच्या कागदावर. कागदाखेरीज जन्मात मी कोणाला दुखावलं नाही. अलीकडे तर तेवढीही उमेद उरली नव्हती.

कारखान्यात माझी नळी पोलादाची झाली आणि मूठ लाकडाची. मूठ मुद्दामच जाड, बेढब ठेवलेली होती. कारण नेमबाजाची मूठ तयार मिळत नाही, ज्याची त्याने आपल्या तळव्याप्रमाणे करायची असते. जिथे टोचेल तिथे कानशीने घासायचं, जिथे पोकळ लागेल तिथे लांबी भरायची. सुतार भेगा बुजवतात तीच ही लांबी.

मला घेतलं शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईंनी. त्यांची उजवी करंगळी लहानपणी दारात चेमटून वाकडी झालेली. तिच्यासाठी त्यांनी माझ्या मुठीत एक वाकडी खोबण कोरली. किती घासलं, किती भरलं, काही विचारू नका. शेवटी एकदा त्यांनी डोळे मिटून मला उचललं, डोळे उघडले, तर नेम बरोबर समोर.

"जमलं बुवा," एवढंच त्या म्हणाल्या.

मग शाळा सुटली की आम्ही दोघं सरावाच्या हॉलमध्ये. बक्षिसं मिळाली, फोटो निघाले, बाईंच्या वर्गातल्या मुलांनी माझी चित्रंसुद्धा काढली. चांगले दिवस होते ते, नाही कशाला म्हणू? पुढे बाईंचा हात थरथरायला लागला. त्यांनी आधी चहाला दोष दिला, मग झोपेला, मग मला. माझी तपासणी करून आणली. माझ्यात काहीच बिघाड नाही हे कळलं तेव्हा त्या पलंगावर बसून रडल्या. त्यानंतर माझा डबा कपाटावर गेला, जुन्या उशांच्या शेजारी. सुरुवातीला मी वाट पाहायचो. मग वाट पाहण्याचाही कंटाळा आला.

एक दिवस बाईंचा भाचा म्हणाला, "मावशी, पडून राहण्यापेक्षा कोणाच्या तरी कामी येऊ दे की. रास्त भावात विकून टाकू."

बाई कशाबशा तयार झाल्या, पण अट घातली. मूठ तासायची नाही, आहे तशीच वापरायची. आता काय बोलावं? आपल्या मापाचा ब्लाउज विकायचा आणि वर म्हणायचं, शिवण उसवू नका. गिऱ्हाइकं आली, मला हातात धरून तोंडं वाकडी केली आणि गेली. एकाने तर भंगाराचा भाव सांगितला. दर वेळी मी पुन्हा उशांच्या शेजारी.

मग आली तिकीटताई. ती बसवर कंडक्टर होती, म्हणून हॉलमधले सगळे तिला त्याच नावाने हाक मारायचे. हॉलचं सामायिक पिस्तूल घेऊन ती शिकली होती. पण निवड चाचणी तोंडावर आली होती, आणि तिथे ज्याचं त्याचं स्वतःचं पिस्तूल लागतं. नवं परवडणारं नव्हतं. मी मिळालो नाही, तर तिची चाचणी हुकणार होती.

हॉलमध्ये बाई आणि भाच्यासमोर तिने कोऱ्या कागदावर छर्रे मारून पाहिले. सगळी भोकं खाली, डाव्या कोपऱ्यात. भाचा ओशाळला.

"ताई, जुनंच आहे हो. भावात कमी करतो."

तिकीटताईने कागदावर अंगठा ठेवला. सगळी भोकं त्याच्याखाली झाकली गेली.

"कमी कशाला? सगळे एकाच जागी बसलेत. पिस्तुलात खोट नाही. तुम्ही सांगितलेला भाव रास्त आहे, तो मी देते. नेम चुकतोय तो मुठीमुळे. बाई, अट तेवढी सोडा."

"ती खोबण गेली तर माझं काय राहिलं त्यात?" बाई म्हणाल्या.

"काही नाही राहणार," तिकीटताई हळूच म्हणाली. "पण अट पाळायची तर हे माझ्याही कपाटावरच पडेल. तसं नको मला." तिने मला डब्यात ठेवलं, डबा बाईंपुढे सरकवला, पिशवी खांद्याला लावली आणि निघाली.

"थांब गं," बाई म्हणाल्या. "कानस कुठे मिळेल इथे?"

खोबण बाईंनी स्वतःच लांबी भरून बुजवली, मग कानस घेतली. कानशीला थरथरता हात चालतो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ड्यूटी संपली की तिकीटताई यायची, मूठ धरून पाहायची, "अंगठ्यापाशी अजून जरा" म्हणायची, आणि बाई घासायच्या. एका संध्याकाळी तिने डोळे मिटून मला उचललं, डोळे उघडले आणि नुसती हसली.

बाईंनी मला तिच्या हातातून घेऊन आपल्या मुठीत धरून पाहिलं.

"मला टोचतंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे झालं तुझं."

मित्रांनो, जुनी वस्तू कोणाला द्याल तेव्हा पुसून, तेलपाणी करून द्या. भाव रास्त लावा. आणि एकदा दिलीत की तिच्यातून आपला हात काढून घ्या, जड गेलं तरी. मी थकलोय, तो थकवा काही जायचा नाही. पण उद्या चाचणी आहे, आणि मला जायचंय.