शिखरावरची झीज

मार्गशीर्षातले ऊन कलले. क्षीण, पीतवर्ण, तिरपे ऊन. यशोधर बोकिलांना हवे असे ते हेच. समोरच्या उजेडात नाणे आपली झीज लपवते, तिरप्या उजेडात कबूल करते. आयुष्यभर त्यांनी नाण्यांची प्रत ठरवली, पण कधी कडेखेरीज कुठे बोट लावले नाही.

समोर द्वारकाबाई बसल्या होत्या. शुभ्रकेशी, निश्चल, जलसमाधी मिळालेल्या गावच्या. धरण पुरे झाले तेव्हा उठवलेल्या प्रत्येक घराला एक चांदीचे नाणे मिळाले होते. एका बाजूला धरणाची भिंत, दुसऱ्या बाजूला बुडत्या देवळाचे शिखर. बाईंचे वडील त्या देवळाचे गुरव. पाणी चढत असताना देवाला दिवा लावून येतो म्हणाले, आणि गेले ते गेलेच.

देह सापडला नाही. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यालाच अग्नी दिला. पुतळ्याच्या हाती त्यांचे नाणे ठेवले होते, ते आईने सर्वांच्या नकळत काढून घेतले, पितळी डबीत घातले आणि डबी मेणाने बंद केली. रोज दिवेलागणीला ती डबीपाशी बसे आणि म्हणे, हे येऊन गेले. गाव तिला वेडी म्हणे. लेकही म्हणे.

गेल्या महिन्यात आई गेली. मेण अखंड होते. लेकीने आज सकाळी ते स्वतःच्या हाताने फोडले होते.

"आई येडी व्हती का, येवढंच सांगा," बाई म्हणाल्या.

बोकिलांनी नाणे कडेने धरले, उन्हात कलते केले. धरणाची भिंत हिमशुभ्र, झळाळती, टाकसाळीतून आत्ताच आल्यासारखी. हात न लागलेले नाणे, असे शब्द त्यांच्या ओठांवर आले. मग त्यांनी नाणे उलटले.

शिखर झिजले होते. कळस पुसला होता. एकाच जागी, एकाच अंगठ्याने, वर्षानुवर्षे मायेने कुरवाळल्यासारखी झीज. आणि अक्षरांच्या खाचांत गाळ होता, काळा, ओला. खोटे सांगणे सोपे होते. पण मग ती म्हातारी कायमची वेडी ठरली असती.

"बाई, हात लागलाय याला. रोज लागतोय."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आईला आपण काय काय बोललो, तेवढेच त्या पुटपुटत राहिल्या. बोकिलांनी नाणे समोरच्या काळ्या मखमलीवर ठेवले आणि सवयीने पारदर्शक डबी पुढे ओढली. पारखलेले नाणे तीत कायमचे बंद करायचे, ही त्यांची रीत. बाईंनी डबीवर हात ठेवला.

"बंद नका करू. बाबांनी हात कुठं ठिवायचा?"

त्या गेल्या, उघड्या तळहातावर नाणे घेऊन. ऊन विझले. काळ्या मखमलीवर नाण्याएवढी वर्तुळाकार ओल उरली होती, सुकत नव्हती. आयुष्यभर कशाला बोट न लावणाऱ्या बोकिलांनी तिच्यावर बोट टेकवले. ओल थंड होती, खोल पाण्यासारखी थंड. आणि बोटाला वास येत होता नुकत्याच लावलेल्या दिव्याच्या तेलाचा.